बहिणीच्या अंगणातली चेरी

माझ्या धाकट्या बहिणीच्या अंगणातलं चेरीचं झाड माझ्यामुळे मेलं. ते आपल्याच हातून मेलं असं तिनं धरून ठेवलं, आणि मी तिला तसं धरू दिलं. झाड निवडताना मी चुकलो हे एक वेळ चालण्यासारखं होतं, चूक कुणाकडूनही होते. नंतर मी जे केलं त्याला चूक म्हणायला माझी जीभ धजत नाही.

बहीण कॅनडाच्या मधल्या सपाट मुलखात राहते. तिथं ऑक्टोबरात पडलेलं बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही. मी सानपाड्यात राहतो आणि कळंबोलीला लोखंडाच्या एका पेढीत नोकरी करतो. थंडी म्हणजे जानेवारीत पंखा एक नंबरवर, एवढीच माझी ओळख. तरीही घरात झाडांचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. सोसायटीच्या बागेतले गुलाब मी लावलेत. गावठी गुलाबावर चांगल्या जातीचा डोळा भरायचं काम मला वडिलांनी शिकवलं होतं. आमच्या साताऱ्याकडच्या घरी त्यांनी लावलेलं चिकूचं कलम अजून फळ देतं. त्यामुळे कुणाचा मोगरा रुसला, कुणाच्या कढीपत्त्यावर कीड पडली की फोन मला येतो. बायको चेष्टेनं मला ‘डॉक्टर’ म्हणते. आतून मला ते आवडतं, हेही सांगून टाकतो.

आई गेली तेव्हा बहीण वेळेवर पोचू शकली नाही. विमान, त्यात बर्फाचं वादळ. ती आली तोवर सावडणंही उरकलं होतं. आमच्याकडे आता बरेच लोक रक्षा नदीत सोडत नाहीत, शेतात झाडाच्या मुळाशी घालतात. आईची रक्षाही आम्ही बांधावरच्या आंब्याला घातली. थोडी बहिणीसाठी ठेवली होती. आल्यावर दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “दादा, मी माझ्या अंगणात आईसाठी झाड लावते. कुठलं लावू, तू सांग.”

झाड चेरीचंच हवं, हे मात्र आधीच ठरलं होतं. बहीण एकदा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला फिरायला गेली होती. तिथल्या एका रस्त्यावर दोन्ही बाजूंना चेरी फुललेली, आणि मधे ही लाल स्वेटर घालून उभी, असा फोटो तिनं पाठवला होता. आईनं तो माझ्याकडून आपल्या मोबाईलवर लावून घेतला. शेवटच्या आजारपणात ती तो फोटो बोटानं मोठा करायची आणि म्हणायची, “ह्ये झाड हिच्या दारात पायजे बग. लई ग्वाड दिसतंय.” किनाऱ्यावरची हवा वेगळी आणि बहिणीच्या गावची वेगळी, हे आईला कळायचं काही कारण नव्हतं. मला कळायला हवं होतं.

दिवसांचं जेवण झालं तेव्हा मामा, काका, भाऊबंद सगळे बसले होते. त्यांच्यासमोर मी जाहीर केलं की फोटोतलं तेच गुलाबी झाड आईच्या नावानं तिच्या दारात लागणार. मामा म्हणाले, “शाब्बास. भाऊ असावा तर असा.” बहीण पदरानं डोळे पुसत होती. तेव्हा मला चेरीबद्दल एक अक्षर ठाऊक नव्हतं.

ती परत गेल्यावर मी अभ्यासाला बसलो. रोज सकाळी चहा घेताना, बसमध्ये, पेढीवर जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर चेरी. शोभेच्या चेरीत किती जाती असतात हे बघून मी थक्क झालो. आपल्याला चेरी म्हणजे केकवरचं लाल फळ. ही झाडं लोक नुसत्या फुलांसाठी लावतात, आणि ती फुलं आठवडाभरात गळतात. त्या आठवड्यासाठी माणसं वर्षभर वाट बघतात.

फोटोत होती तशी मला कान्झान वाटली. दाट, दुहेरी पाकळ्यांची, गडद गुलाबी. फांदीवर फुलांचे गुच्छ असे बसतात की लग्नाच्या मंडपाला लावल्यासारखे दिसतात. दुसरी योशिनो, फिकी, जवळजवळ पांढरी, फांद्या पसरट. तिचा रंग मला उपासाच्या साबुदाण्यासारखा वाटला, ती मी लगेच बाजूला केली. मग थंड मुलखाची लेकरं. नानकिंग चेरी म्हणजे झाड नव्हेच, कमरेइतकं-डोक्याइतकं झुडूप. तिला फुलं लवकर येतात, वर आंबटगोड फळंही येतात, आणि कितीही थंडी पडली तरी तिचं काही बिघडत नाही. जांभळ्या पानांची एक सँड चेरी होती, तीही झुडूपच, पानांसाठी लावायची. आणि एक अमूर चेरी. तिची फुलं पांढरी, लहान, तुऱ्यासारखी, वासाची. फळं बारकी काळी, पाखरांच्या कामाची. पण तिची साल. तांब्यासारखी सोनेरी-तपकिरी, गुळगुळीत, पातळ पापुद्रे सुटत राहतात, आणि बर्फात उन्हाची तिरीप पडली की खोड चमकतं.

तिथं प्रत्येक मुलखाला थंडीप्रमाणे एक आकडा दिलेला असतो. आकडा जितका लहान, तितकी थंडी कडक. बहिणीच्या गावाचा आकडा तीन. अमूर आणि नानकिंग तिनात सुखानं जगतात. कान्झानपुढे सगळीकडे पाच लिहिलेलं होतं, काही ठिकाणी तर सहा. हे मी पहिल्याच आठवड्यात वाचलं. पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या गुन्ह्याचं मूळ इथं आहे, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

बहीणही आपल्या परीनं विचारत होती. एका सकाळी व्हिडिओ कॉलवर तिनं मला तिथल्या नर्सरीतली अमूर दाखवली. माझी सकाळ असते तेव्हा तिच्याकडे आदली संध्याकाळ असते. नर्सरी बंद व्हायची वेळ झाली होती, आणि ती खोडावर हात ठेवून उभी होती.

“दादा, ह्याची साल बघ. आपल्या जुन्या बंबासारखी आहे की नाही? आई दिवाळीला चिंचेनं घासायची तो.”

“सालीसाठी झाड लावतात होय? चंदन आहे का ते?”

“इथले लोक म्हणतात हेच लाव. बाकीची टिकत नाहीत.”

“तिथले लोक त्यांच्याकडे असेल तेच विकणार. फुलं कुठली आहेत त्याची? पांढरी. आईनं काय मागितलं होतं?”

ती गप्प झाली. आईचं नाव काढलं की ती गप्प होते हे मला माहीत होतं, म्हणूनच मी काढलं.

“पण थंडीचं काय, दादा? गुलाबी तग नाही धरत म्हणतात.”

“कलमाचं मागव. खालचा खुंट काटक असला की झालं. आपला चिकू आठव. खाली खिरणी, वर चिकू. खिरणीच्या जिवावर चिकू उभा आहे ना इतकी वर्षं?”

“ते आपल्याकडे. इथं उणे चाळीस होतं रे.”

यावर मी म्हणालो, “मी इथं एका तज्ज्ञाला विचारलंय. तो म्हणतो, बिनधास्त लाव.”

तज्ज्ञ वगैरे कुणी नव्हता. कुणाला विचारावं हे मनातही आलं नव्हतं. समोर ओट्याशी बायको डबा भरत होती. तिनं वळून माझ्याकडे बघितलं. कॉल संपल्यावर म्हणाली, “अहो, कुठला तज्ज्ञ?”

“असं सांगितलं की तिला धीर येतो.”

“धीर येतो का तुमचा शब्द राहतो?”

मी डबा उचलला आणि निघालो.

बहिणीनं दुसऱ्या प्रांतातून कान्झान मागवली. जूनमध्ये झाड आलं, कुंडीत, तिच्या खांद्याइतकं. उशिरा आलेली तीन-चार फुलं अजून शाबूत होती. तिनं खड्डा केला, रक्षा मातीत मिसळली, आईचा फोटो खुर्चीवर ठेवला आणि मला व्हिडिओवर सगळं दाखवत झाड लावलं. तिचा नवरा फोन धरून उभा होता. मी इकडून सूचना देत होतो, कलमाची गाठ मातीच्या वर ठेव, आळं पसरट कर. मामांनाही त्या कॉलवर घेतलं होतं. त्यांना काही नीट दिसत नव्हतं, पण “छान, छान” म्हणत होते. झाडानं तो उन्हाळा चांगला काढला. शरदात पानं पितळी झाली. बहिणीनं खोडाला गोणपाट गुंडाळलं, बुंध्याशी पेंढा घातला. हिवाळाभर ती मला खिडकीतून फोटो पाठवायची. सगळं पांढरं, आणि मधे एक गुंडाळलेली काठी.

मे महिन्यात तिच्या शेजाऱ्यांच्या झाडांना पालवी फुटली. हिच्या चेरीला काही नाही. आठवडाभर तिनं वाट बघितली आणि मला कॉल लावला.

“फांदी नखानं खरवड,” मी म्हणालो. “आतून हिरवं दिसतं का?”

तिनं खरवडलं. “तपकिरी.”

“खाली ये. खोडाला खरवड.”

“तपकिरीच आहे, दादा.”

“अजून खाली. गाठीपाशी.”

ती गुडघ्यावर बसली. फोन गवतात ठेवला असावा, कारण मला नुसतं आभाळ दिसत होतं. मग तिचा आवाज आला, “सगळं वाळलंय.”

मला सगळं समजलं होतं. कलमामागचं माझं तर्कट किती पोकळ होतं हे मी हिवाळ्यातच वाचलं होतं. खुंट कितीही काटक असला तरी त्याचा काटकपणा वरच्या फांदीत चढत नाही. गोठतं ते वरचं लाकूड आणि वरचे डोळे. खिरणीवरच्या चिकूला आपल्याकडे उणे चाळीस कधी सोसावं लागलं होतं? त्या क्षणी मी एवढंच म्हणायला हवं होतं की पोरी, हे माझ्यामुळे झालं, तुझं बरोबर होतं. माझ्या तोंडून निघालं ते असं, “थंडी सुरू व्हायच्या आधी पाणी दिलं होतंस ना नीट?”

आभाळ तसंच दिसत होतं. मग ती म्हणाली, “शेवटच्या आठवड्यात आम्ही बाहेर गेलो होतो. चार दिवस नाही दिलं.”

“हं,” मी म्हणालो.

त्या ‘हं’मध्ये मी सगळं तिच्या पदरात टाकलं. पाण्याचा त्या मरण्याशी फारसा संबंध नव्हता. चार दिवस काय, महिनाभर रोज पाणी घातलं असतं तरी कान्झान तिथं वाचली नसती.

त्यानंतर ती झाडाबद्दल कमी बोलू लागली. मी तिला अमूरचे, नानकिंगचे फोटो पाठवायचो, जणू ते माझं नवं संशोधन होतं. ती अंगठा दाखवून सोडून द्यायची. बायको अधूनमधून विचारायची, “सांगितलंत का?” मी म्हणायचो, “फोनवर कसं सांगणार.” भाऊबीजेला बहीण दरवर्षी मोबाईलच्या पडद्याला ओवाळते. त्या वर्षी मी ठरवलंच होतं. तिनं निरांजन फिरवलं, पडद्यावर कुंकवाचं बोट लावायला गेली तर कॉलच कट झाला, पुन्हा लावला, सगळे हसलो. मग ती म्हणाली, “ओवाळणी काय देणार?”

“माग.”

“झाडाचा विषय काढू नकोस आता. एवढंच दे.”

मी “दिली” म्हणालो. मनावरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. दगड कुणाच्या डोक्यावर उतरला याचा मी विचार केला नाही.

पुढच्या फेब्रुवारीत ती महिनाभरासाठी इकडे आली. नवी मुंबईत त्या दिवसांत रस्त्याकडेची बसंतरानी फुललेली असते. पानं गळून सगळं झाड गुलाबी होतं, आणि लोक त्याला ‘आपला चेरी ब्लॉसम’ म्हणून खाली उभं राहून सेल्फी काढतात. आम्ही भाजी घेऊन येत होतो. सोसायटीच्या कोपऱ्यावर एक झाड आहे, त्याखाली बहीण थांबली. फुटपाथवर फुलांचा सडा पडला होता आणि एक रिक्षावाला टपावरची फुलं फडक्यानं झटकत होता.

“ह्याला कोण बघतं?” तिनं विचारलं.

“कुणी नाही. महापालिकेनं लावलं, वाढतंय.”

“कुणी बघत नाही तरी येतं.” तिनं एक फूल उचलून पिशवीत टाकलं. “मी एवढं करून नाही आलं. मला कधीकधी वाटतं, आईलाच माझ्याकडे राहायचं नव्हतं. शेवटी आले नाही ना मी. रागावली असेल.”

हे ती सहज, कोथिंबिरीच्या भावाबद्दल बोलावं तसं बोलली. म्हणजे हा विचार तिच्या मनात पुष्कळ दिवस मुरला होता. इतके दिवस मला वाटत होतं की मी तिच्यावर फक्त एका झाडाचा दोष टाकलाय. त्या झाडाखाली आई होती, हे मी सोयीनं विसरलो होतो. तिथंच सांगायला हवं होतं. पण रिक्षावाला बघत होता, हातात भाजी होती. कारणं माझ्याकडे नेहमी तयार असतात.

घरी आल्यावर तिनं बॅगेतून स्टीलचा एक डबा काढला. आत माती होती, काळीभोर, वाळलेली. “खड्ड्यातली आहे. विमानतळावर कुणी डबा उघडायला लावला नाही, नशीब. दादा, मला ही मोऱ्याच्या समुद्रात सोडायची आहे. जिथं काही उगवत नाही तिथं आईला कशाला ठेवू?”

मोरा बंदरच का, हे मला विचारावं लागलं नाही. आम्ही लहान असताना मुंबईत राहायचो, तेव्हा वडील वर्षातून एकदा आम्हाला भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं मोऱ्याला न्यायचे. आईला समुद्राची भीती वाटायची, पण लाँचमध्ये ती कडेलाच बसायची. एका हातानं पदर धरायची आणि दुसऱ्या हातानं आमच्या माना.

बायकोनं मला आतल्या खोलीत बोलावलं. ती रागावलेली नव्हती, हेच जास्त जड गेलं. म्हणाली, “उद्या तुम्ही दोघंच जा. मी येत नाही. आणि तसेच परत येऊ नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उरणच्या रस्त्यानं गाडीतून मोऱ्याला गेलो. वाटेत मी दोनदा सुरुवात केली. एकदा कंटेनर आडवा आला. एकदा तीच म्हणाली, “दादा, समोर बघ ना.” जेट्टीवर ओहोटी होती. खाली चिखलात होड्या कलंडल्या होत्या, बायका टोपल्या घेऊन पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्यातली एक आमच्या डब्याकडे बघून म्हणाली, “लाँचला टाईम हाय अजून. बसा सावलीला.”

आम्ही टोकापर्यंत गेलो, तिथं पाणी होतं. बहिणीनं चप्पल काढली, डब्याचं झाकण उघडून माझ्या हातात दिलं. मातीत एक बारीक वाळलेली मुळी होती, ती तिनं बोटानं आत दाबली. मग डबा दोन्ही हातांत धरून हळू म्हणाली, “आई, मला नाही गं जमलं.”

मी डब्यावर झाकण ठेवलं. का ठेवलं ते आधी मलाही कळलं नाही. तिनं चमकून बघितलं.

“सोडू नकोस,” मी म्हणालो. “तज्ज्ञ कुणी नव्हता.”

“कुठला तज्ज्ञ?”

“बिनधास्त लाव म्हणणारा. तसा कुणीच नव्हता, मी मनानं सांगितलं. ते झाड तुझ्याकडे जगणार नाही हे मी पहिल्या आठवड्यातच वाचलं होतं. सगळ्यांसमोर गुलाबी म्हणून बसलो होतो, आणि मागं यायची लाज वाटली. पाण्यानं काही झालं नाही. तू चार दिवस गेलीस त्यानंही नाही. आईचा काही राग नव्हता. ते झाड तिथलं नव्हतंच, आणि ते मी तुझ्या गळ्यात घातलं.”

मागून एका कोळणीनं कुणाला तरी हाक मारली. बहिणीनं झाकण तळव्यानं घट्ट दाबून बसवलं आणि डबा छातीशी धरला.

“म्हणजे ही माती चांगली आहे,” ती म्हणाली.

“चांगली आहे. ती बंबाच्या रंगाची अमूर यात येईल. नक्की येईल.”

“तू नको सांगूस नक्की येईल.”

“बरं.”

तिनं चपलांत पाय सरकवले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “झाडाचं सोड, दादा. तुला आईला खूश करायचं होतं, मलाही करायचं होतं. पण मी खाली बसून खोड खरवडत होते, आणि तू पाण्याचं का विचारलंस?”

यासाठी माझ्याकडे कारण तयार नव्हतं. होतं तेवढंच सांगितलं.

“तुझ्या तोंडून तुझी काहीतरी चूक ऐकली की मी सुटणार होतो, म्हणून विचारलं. तू ‘चार दिवस’ म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची मी माफी मागतोय. झाडाची नंतर मागेन. आधी ही दे.”